गलतीकर कोण होते? केल्ट लोक व त्यांच्या नांवाचा इतिहास

गलतीकरांस पौलानें लिहिलेलें पत्र आमच्या मंडळ्यांत वारंवार वाचलें जातें. विश्वासानें नीतिमान् ठरणें, आत्म्याचें फळ, एकमेकांचीं ओझीं वाहणें, हे विषय उपदेशांत इतक्यांदां येतात कीं, त्या पत्राचे साही अध्याय पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असतात. परंतु हे गलतीकर कोण, कोठचे, त्यांची बोली कोणती, असें रविवारच्या शाळेंत एकाद्या मुलानें विचारलें, तर शिक्षक बहुधा 'आशिया मायनरांतील लोक' एवढें उत्तर देऊन पुढच्या वचनाकडे वळतात. उत्तर चुकीचें नाहीं. पण त्यांत एक मोठी कथा झांकून जाते. ज्या लोकांवरून त्या प्रांतास गलतिया हें नांव पडलें, ते मूळचे तेथील नव्हते. ते युरोपांतून आलेले केल्ट लोक होते. आणि आज वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड व फ्रान्सांतील ब्रिटनी ह्या देशांत पुष्कळ लोक ज्या नांवाचा अभिमान धरतात, तें नांव हेंच. एका नांवाचा हा लांबचा प्रवास समजून घेतल्यास पत्र वाचतांना उपयोग होईल, आणि 'आपण कोण' हा जो प्रश्न आमच्या लोकांस वेळोवेळीं विचारला जातो, त्यावरही कांहीं प्रकाश पडेल, अशा हेतूनें आम्हीं हा पाठ लिहावयास घेतला आहे.

ग्रीक ग्रंथकार ह्या लोकांस 'केल्तोइ' व 'गलाताइ' अशा दोन्ही नांवांनीं ओळखीत. रोमी लोक त्यांस 'गल्ली' म्हणत. इ. स. पू. पांचव्या शतकांत हिरोडोटस नांवाच्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे कीं, डॅन्यूब नदीचा उगम केल्टांच्या देशांत आहे. इ. स. पू. ३९० च्या सुमारास ह्यांच्याच एका टोळीनें इटलींत उतरून रोम शहर लुटलें. हंसांच्या कलकलाटानें रोमकरांचा एक गड वांचला, ही प्रसिद्ध दंतकथा त्याच वेळची. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं दुसऱ्या टोळ्या पूर्वेकडे वळल्या, आणि इ. स. पू. २७९ मध्यें त्यांनीं ग्रीस देशांत शिरून डेल्फी येथील देवस्थानावर चाल केली. तेथें त्यांचा मोड झाला. परंतु त्यांच्यांतील एक भाग आधींच वेगळा होऊन समुद्राच्या कांठीं येऊन पोहोंचला होता. पलीकडे बिथुनियाचा राजा निकोमेदेस ह्याचें आपल्या भावाशीं राज्यावरून भांडण चाललें होतें. त्यास भाडोत्री शिपाई पाहिजे होते. त्यानें इ. स. पू. २७८ मध्यें ह्या लोकांस बोलावून घेतलें. लिव्ही नामक रोमी इतिहासकार सांगतो कीं, ते सुमारें २०,००० होते, व त्यांतील अर्धे मात्र हत्यारबंद होते. म्हणजे उरलेले अर्धे बायकापोरें व म्हातारे असले पाहिजेत. ही केवळ फौज नव्हती. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेलें एक गणगोतच होतें.

ज्यानें बोलाविलें त्याचें काम झालें; पण आलेले परत गेले नाहींत. भावाभावांच्या तंट्यांत तिऱ्हाइतास घरांत घेतल्यानें काय होतें, हें आमच्या देशाच्या इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. हे लोक आसपासच्या शहरांपासून खंडणी घेऊं लागले. तेव्हां सिरियाचा राजा पहिला अंतियोक ह्यानें त्यांच्यावर चढाई केली. लुशियन नांवाचा ग्रीक लेखक म्हणतो कीं, राजापाशीं १६ हत्ती होते. केल्टांच्या घोड्यांनीं असला प्राणी कधीं पाहिला नव्हता. ते बुजून आपल्याच पायदळावर उलटले, आणि लढाई तेथेंच संपली. ह्या राजाच्या बापास, म्हणजे सेल्यूकसास, चंद्रगुप्त मौर्यानें ५०० हत्ती दिले होते, आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत ज्या अंतियोकाचें नांव आलें आहे तो बहुतेक विद्वानांच्या मतें ह्याचाच मुलगा. गलतीकरांच्या पूर्वजांचा व आमच्या देशाचा एवढाच काय तो दूरचा संबंध. पण तो मौजेचा आहे म्हणून सांगितला.

पुढें पर्गमचा राजा पहिला अत्तल ह्यानेंही त्यांचा पराभव केला, व त्या विजयाच्या स्मरणार्थ पुतळे उभारविले. त्यांपैकीं एकाची संगमरवरी रोमी प्रतिकृति समजली जाणारी मूर्ति आज रोम शहरांतील कापितोल येथील संग्रहालयांत आहे. जखमी होऊन जमिनीवर टेकलेला, गळ्यांत पिळाचा कडा घातलेला तो योद्धा पाहून वैऱ्याच्या कारागिरालाही त्याच्याविषयीं आदर वाटला असावा, असें मनांत येतें.

अशा रीतीनें दाबले जाऊन हे लोक अखेरीस आशिया मायनरच्या मध्यावरील उंच पठारावर स्थायिक झाले. त्यांच्या तीन जाति होत्या: तोलिस्तोबोगी, तेक्तोसागी व त्रोक्मी. पेसिनुस, अंकिरा व ताविउम हीं त्यांचीं ठाणीं. ह्यांतील अंकिरा म्हणजेच तुर्कस्तानची आजची राजधानी अंकारा. स्ट्राबो नांवाचा भूगोलकार लिहितो कीं, तिन्ही जातींची भाषा एकच होती, प्रत्येक जातीचे चार भाग असत व प्रत्येक भागावर एक अधिकारी असे. आणि सर्वांचे मिळून ३०० पंच 'द्रुनेमेतोन' नांवाच्या ठिकाणीं जमून खुनाच्या खटल्यांचा निकाल करीत. 'नेमेतोन' हा शब्द केल्टांच्या भाषेंत पवित्र स्थान, विशेषतः देवराई, ह्या अर्थीं सांपडतो. फ्रान्स व ब्रिटन येथील जुन्या स्थलनामांतही तो आहे. हजारों कोस दूर येऊनही ह्या लोकांनीं आपल्या देवराईचें नांव बरोबर आणलें होतें.

इ. स. पू. २५ मध्यें त्यांचा शेवटचा राजा अमिंतास मारला गेला, आणि औगुस्त कैसरानें त्याचें राज्य रोमी प्रांत करून टाकिलें. आतां येथें एक अडचण उत्पन्न होते, व ती अभ्यास करणाऱ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. अमिंतासाचें राज्य केल्टांच्या मुलखापुरतें नव्हतें. दक्षिणेकडील पिसिदिया, लुकवनी वगैरे प्रदेशांचाही मोठा भाग त्यांत मोडत होता. म्हणून रोमी सरकारच्या दप्तरांत 'गलतिया' म्हटलें म्हणजे पिसिदियांतील अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र व दर्बे हीं गांवेंही येत. हींच तीं गांवें, जेथें पौल व बर्णबा पहिल्या फेरीत गेले (प्रे. कृ. १३ व १४). लुस्त्र येथील लोक लुकवनी भाषेंत ओरडूं लागले, असें प्रे. कृ. १४:११ मध्यें आहे. ती केल्टांची भाषा नव्हे. मग पौलानें पत्र कोणास लिहिलें? उत्तरेकडील खऱ्या केल्टांस, कीं दक्षिणेकडील ह्या मिश्र मंडळ्यांस? स्कॉटलंडचे विद्वान सर विल्यम रॅम्से (१८५१–१९३९) ह्यांनीं तो देश पायांखालीं घालून, शिलालेख वाचून, दक्षिणेचा पक्ष मोठ्या जोरानें मांडला. उत्तरेचा पक्ष घेणारे प्रे. कृ. १६:६ व १८:२३ ह्या वचनांवर भर देतात. वाद अद्याप मिटला नाहीं. आमचें मत दक्षिणेकडे झुकतें. कारण ज्या मंडळ्यांची स्थापना प्रेषितांच्या कृत्यांत इतक्या विस्तारानें वर्णिली आहे, त्यांच्याच चिंतेनें पौलानें लेखणी उचलली असावी, हें अधिक स्वाभाविक दिसतें.

हा वाद आम्हीं येथें आणिला तो केवळ पांडित्यासाठीं नव्हे. पुढें डरहॅमचे बिशप झालेले लाइटफूट ह्यांनीं १८६५ त ह्या पत्रावर एक थोर टीकाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, गलतीकर इतक्या लवकर दुसऱ्या सुवार्तेकडे वळले ह्याचें कारण त्यांचें केल्ट रक्त. हे लोक जात्याच चंचल, लवकर भारावणारे व लवकर फिरणारे. ह्याला आधार म्हणून त्यांनीं सीझरानें गॉल देशांतील केल्टांविषयीं काढलेले उद्गार पुढें केले. लाइटफूटांच्या विद्वत्तेपुढें आम्ही नम्र आहों. तथापि हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. सीझर हा त्या लोकांस जिंकणारा सेनापति. जिंकणाऱ्यानें जिंकलेल्यांच्या स्वभावाचें दिलेलें प्रमाणपत्र कितपत खरें मानावें? शिवाय पौल ३:१ मध्यें त्यांस निर्बुद्ध म्हणतो, तें त्यांच्या बापजाद्यांवर नव्हे, तर त्यांनीं ऐकलेल्या व सोडलेल्या सुवार्तेवर बोट ठेवून म्हणतो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत पेत्रही डगमगला असें आहे, आणि पेत्र तर यहूदी होता. बर्णबाही त्यांत ओढला गेला. मग चंचलपणा कोणत्या रक्ताचा म्हणावयाचा?

रक्तावरून स्वभाव ठरविण्याची ही खोड त्या शतकांत सर्वत्र बोकाळली होती, आणि तिचें फळ आमच्या देशांत फार कडू निघालें. लाइटफूटांचा ग्रंथ निघाल्यावर सहाच वर्षांनीं, १८७१ त, सरकारनें 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला. त्या कायद्यानें कित्येक जमातींचीं मुलें जन्मतःच संशयित ठरलीं. त्यांच्या मागें हजेरी लागली, कित्येकांस तारांच्या कुंपणाच्या वसाहतींत कोंडलें गेलें. मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही अशा वसाहती चालविल्या, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १९५२ त तो कायदा सर्व देशांत रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली म्हणजे पहिली नजर कोणत्या पालांकडे जाते, हें वाचकांस ठाऊक आहे. म्हणून पाठ घेणाऱ्या बंधूंस आमची विनंति कीं, 'गलतीकर केल्ट होते म्हणून घसरले' असें स्पष्टीकरण जुन्या पुस्तकांत आढळल्यास तें वर्गापुढें ठेवूं नये. ३:२८ ज्या पत्रांत आहे त्याच पत्राचा उलगडा जातीच्या स्वभावावरून करणें, हा त्या पत्रावर मोठाच अन्याय आहे.

आतां आशिया मायनर सोडून ह्या लोकांच्या मूळ देशाकडे वळूं. मध्य युरोपांत ऑस्ट्रिया देशांत हालस्टाट नांवाचें एक खेडें आहे. तेथें डोंगराच्या पोटांत मिठाची फार जुनी खाण आहे. १८४६ पासून त्या खाणीचे एक अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर ह्यांनीं जवळच्या दफनभूमींत सुमारें ९८० थडगीं उकरून त्यांतील वस्तूंचीं रंगीत चित्रें काढून ठेविलीं: तरवारी, कांशाचीं भांडीं, दूरदेशचे मणी. खाणीच्या आंत मिठामुळें मजुरांच्या चामडी पिशव्या व कपड्यांचे तुकडेही टिकून राहिले आहेत. पुढें १८५७ त स्वित्सर्लंडांतील न्यूशातेल तळ्याच्या कांठीं ला तेन येथें पाण्याखालीं शेंकडों तरवारी, भाले व आभूषणें सांपडलीं. त्यांवर वेलींसारखी वळणावळणाची नक्षी आहे. ह्या दोन ठिकाणांच्या नांवांवरून त्या काळाचे दोन टप्पे विद्वान करितात: हालस्टाट सुमारें इ. स. पू. ८०० पासून, व ला तेन इ. स. पू. ४५० च्या सुमारापासून रोमी अंमल येईपर्यंत. सोनें, लोखंड व मीठ ह्यांचा व्यापार, घोडे जोडलेले रथ, कवींना मान, हें सर्व त्यांच्यांत होतें. त्यांचे द्रुइड नांवाचे पुरोहित असत. सीझर लिहितो कीं, कित्येक शिष्य वीस वीस वर्षें राहून विद्या तोंडपाठ करीत, आणि ती विद्या लिहून ठेवणें ते निषिद्ध मानीत. वेदपाठशाळांची रीत ज्यांनीं ऐकली आहे त्यांस हें ओळखीचें वाटेल. मात्र जें लिहिलें नाहीं तें त्या लोकांबरोबर गेलें. आमच्या हातीं उरलें तें त्यांच्या वैऱ्यांनीं लिहिलेलें व जमिनींतून निघालेलें, एवढेंच.

येथें एक गोष्ट पुष्कळांस आश्चर्याची वाटेल. प्राचीन काळीं ब्रिटन व आयर्लंड येथील लोकांस कोणत्याही ग्रीक किंवा रोमी ग्रंथकारानें केल्ट म्हटलेलें आढळत नाहीं. ते त्यांस ब्रितन व हिबेर्नी म्हणत. संत पॅट्रिकानें पांचव्या शतकांत लिहिलेलीं दोन पत्रें आम्हांस उपलब्ध आहेत. त्यांतही केल्ट हा शब्द नाहीं. वेल्स देशांतील लोक आपणांस 'कम्री', म्हणजे एका देशाचे सोबती, म्हणवितात. 'वेल्श' हें नांव त्यांस इंग्रजांनीं दिलें, व त्याचा मूळ अर्थ परका असा आहे! ज्याच्या घरीं जाऊन राहिले त्यालाच परका म्हणावें, हा न्याय विचित्र खरा. पण नांवें अशींच पडतात. सिंधु नदीवरून 'हिंदु' हा शब्दही प्रथम इराणी लोकांच्या तोंडीं झाला, तो येथील लोकांच्या नव्हे.

मग ह्या बेटांवरील लोक केल्ट कसे झाले? भाषेच्या अभ्यासामुळें. १५८२ त जॉर्ज बुकॅनन नांवाच्या स्कॉटिश विद्वानानें ब्रिटनांतील जुन्या भाषा व गॉलांची भाषा ह्यांचें नातें दाखविलें. १७०३ त पेझरों नांवाच्या ब्रिटनींतील मठवाशानें आपले लोक हेच प्राचीन केल्टांचे वंशज असें लिहिलें. १७०७ त ऑक्सफर्ड येथील संग्रहालयाचे अधिकारी एडवर्ड ल्हुइड ह्यांनीं वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश व स्कॉटलंडची गेलिक ह्या भाषांचे शब्द शेजारीं शेजारीं मांडून त्या बहिणी असल्याचें सिद्ध केलें. तेव्हांपासून ह्या भाषांस 'केल्टिक' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि भाषेचें नांव हळूहळू बोलणाऱ्यांस चिकटलें. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ त कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें जें प्रसिद्ध भाषण केलें, त्यांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांबरोबर केल्टिक भाषाही त्याच कुळांतली असावी असें सुचविलें. जोन्स ह्यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटाचे होते. १८३८ त जर्मन पंडित फ्रांझ बोप ह्यांनीं तें नातें व्याकरणानें पक्कें केलें. वाचकांनींच पाहावें: आमचा 'सप्त' तो वेल्शांत 'सैथ', 'दश' तो 'देग', 'मृत' तो 'मार्व', आणि संस्कृतांतील 'राजा' हाच गॉल देशच्या राजांच्या नांवांच्या अंतीं 'रिक्स' होऊन बसला आहे.

एवढ्यावर थांबते तर बरें होतें. पण विद्वानांच्या मागोमाग कवि व कल्पक लोक आले. १७६० पासून जेम्स मॅक्फर्सन ह्यानें ओसियान नांवाच्या प्राचीन कवीचीं काव्यें म्हणून कांहीं पुस्तकें छापलीं. नेपोलियनासारख्यांनीं तीं डोक्यावर घेतलीं. परंतु त्यांतील पुष्कळ भाग खुद्द मॅक्फर्सनाचाच होता, जुन्या गेलिक पोवाड्यांचे धागे मात्र त्यांत विणलेले होते. वेल्समधील एडवर्ड विल्यम्स नांवाच्या पाथरवटानें इओलो मॉर्गन्नुग हें कविनाम घेऊन १७९२ त लंडनच्या एका टेंकडीवर द्रुइडांचा म्हणून एक विधि साजरा केला, आणि तो आपल्या देशांत पुरातन काळापासून अखंड चालत आला आहे असें सांगितलें. कागदपत्रें त्यानें स्वतःच रचिलीं होतीं. विसाव्या शतकांत ग्रिफिथ जॉन विल्यम्स ह्या वेल्श पंडितानेंच तें उघडकीस आणिलें. तरी वेल्सच्या वार्षिक साहित्यमेळाव्यांत, म्हणजे ऐस्तेद्वोदांत, तो विधि आजही होतो, आणि उत्तम कवीस त्यांत मान मिळतो. खोट्या दाखल्यावर उभारलेली रीत दोनशें वर्षांत लोकांची खरी रीत होऊन बसली. स्टोनहेंज येथील प्रचंड शिळा द्रुइडांनीं उभारल्या, हीही अशीच अठराव्या शतकांत पसरलेली समजूत. त्यांतील मोठ्या शिळा इ. स. पू. २५०० च्या सुमारास, म्हणजे द्रुइडांचें नांव कोठें ऐकूं येण्यापूर्वीं दोन हजारांवर वर्षें, उभ्या राहिल्या होत्या.

इंग्रज टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड ह्यांनीं १८६७ त केल्टांच्या वाङ्मयाची तोंडभरून स्तुति केली. हे लोक भावनाशील, स्वप्नाळू, निसर्गवेडे असें म्हटलें. पण राज्यकारभार, व्यवहार, धिमेपणा हे गुण त्यांच्या ठिकाणीं नाहींत असेंही त्याच दमांत सांगितलें, व वेल्श भाषा व्यवहारांतून जितकी लवकर जाईल तितकें बरें, असा त्यांचा अभिप्राय होता. एका हातानें हार घालावयाचा व दुसऱ्या हातानें जीभ कापावयाची, असा हा प्रकार होय. अशी स्तुति आमच्या इकडील डोंगराळ लोकांच्याही वांट्यास येते. तिजपासून सावध असावें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस उलट बाजूनें लाट आली. माल्कम चॅपमन (१९९२) व सायमन जेम्स (१९९९) ह्यांनीं असें लिहिलें कीं, ब्रिटन व आयर्लंड येथील 'प्राचीन केल्ट' ही अठराव्या शतकांतील रचना आहे. १९९७ त स्कॉटलंड व वेल्स येथील लोकांनीं आपल्या स्वतंत्र विधिमंडळांच्या बाजूनें मत दिलें होतें. त्यामुळें कित्येकांस ह्या टीकेंत राजकारणाचा वास आला. मेगॉ दांपत्यानें १९९६ तच विचारलें होतें कीं, इंग्रज पुराणवस्तुशास्त्रज्ञांस आतांच शेजाऱ्यांचें नांव काढून घेण्याची घाई कां झाली? २०१५ त ब्रिटनांतील लोकांच्या रक्तांतील अनुवंशाची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तींत कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील लोकांचा मिळून एक 'केल्ट' गट आढळला नाहीं. प्रत्येकाचा ठसा निराळा निघाला. केल्टिक भाषा प्रथम कोठें जन्मल्या, अटलांटिकच्या किनाऱ्यावर कीं मध्य फ्रान्सांत, ह्यावरही आज दोन पक्ष आहेत.

आमचा निर्णय विचाराल तर तो असा. रक्तानें एक असा केल्ट वंश नव्हता व नाहीं. जो त्या नात्यानें फुशारकी मारतो तो हवेंत बांधतो. परंतु भाषा खऱ्या आहेत, त्यांचें नातें खरें आहे, आणि त्या बोलल्याबद्दल ज्या मुलांनीं मार खाल्ला त्यांचें दुःखही खरें आहे. एकोणिसाव्या शतकांत वेल्समधील कित्येक शाळांत मुलानें आईची भाषा उच्चारली कीं, त्याच्या गळ्यांत एक लांकडी तुकडा अडकवीत; तो दुसऱ्या वेल्श बोलणाऱ्याच्या गळ्यांत जाईपर्यंत सुटका नसे, आणि शाळा सुटतांना ज्याच्या गळ्यांत तो असेल त्यास शिक्षा. असें सोसलेल्या लोकांस 'तुमचें नांव बनावट आहे' एवढेंच सांगून उठणारा विद्वान अर्धेंच सत्य सांगतो.

आमच्या वाचकांच्या दृष्टीनें ह्या सर्व कथेंतील अधिक मननीय भाग पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा आहे. १५६३ त इंग्लंडच्या पार्लमेंटनें वेल्श भाषेंत शास्त्र करण्याचा हुकूम केला. १५६७ त नवा करार व १५८८ त विल्यम मॉर्गन ह्या खेड्यांतील पाळकाच्या परिश्रमानें संपूर्ण शास्त्र छापून निघालें. सरकारचा हेतु बहुधा एवढाच कीं, लोकांनीं नवा धर्म शिकावा. पण परिणाम असा झाला कीं, त्या भाषेस देवळांत मानाची जागा मिळाली व लिहिण्याचें एक प्रमाण ठरलें. अठराव्या शतकांत ग्रिफिथ जोन्स ह्या पाळकानें फिरत्या शाळा काढिल्या. हिवाळ्यांत, शेतीचें काम मंद असतां, शिक्षक एका गांवीं दोन तीन महिने राहत, लहानमोठ्या सर्वांस, रात्रीं मजुरांसही, शास्त्र वाचावयास शिकवीत व पुढच्या गांवीं जात. १८०० त मेरी जोन्स नांवाची पंधरा वर्षांची विणकराची मुलगी पैसा पैसा सांठवून वेल्श शास्त्र विकत घ्यावयास सुमारें २५ मैल चालत गेली. तिच्या गोष्टीचा १८०४ त बायबल सोसायटी निघण्याशीं जो संबंध लावतात तो पुष्कळांनीं ऐकला असेल.

कॉर्नवॉलची गोष्ट उलट झाली. तेथें १५४९ त इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादल्यावर बंड झालें व तें रक्तपातानें मोडलें गेलें. कॉर्निश भाषेंत शास्त्र कोणी दिलें नाहीं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती भाषा घराघरांतून गेली. आयर्लंडांत नवा करार १६०२ त व जुना करार १६८५ त आयरिश भाषेंत छापला. परंतु जमिनी हिसकावून घेणाऱ्यांच्या हातून आलेलें पुस्तक लोकांनीं आपलें म्हटलें नाहीं. तेव्हां 'शास्त्र आलें कीं भाषा वांचते' असा सरसकट नियम कोणी करूं नये. मॅन बेटावर अठराव्या शतकांतच संपूर्ण शास्त्र तेथील भाषेंत होतें, तरी ती जन्मभाषा म्हणून बोलणारा शेवटचा मनुष्य १९७४ त वारला. मात्र त्याच शास्त्राच्या व ध्वनिमुद्रणांच्या आधारें लोकांनीं ती पुन्हा शिकून घेतली, व २००१ पासून तेथें त्या भाषेची एक प्राथमिक शाळा आहे. वेल्समध्यें २०२१ च्या शिरगणतींत ५,३८,००० लोकांनीं, म्हणजे शेंकडा १७.८ लोकांनीं, आपणांस वेल्श येतें असें लिहविलें. आमच्या देशांतही ह्याचा एक धागा आहे: १८४१ त चेरापुंजीस आलेले वेल्श मिशनरी थॉमस जोन्स ह्यांनीं खासी भाषा रोमन अक्षरांत बसविली, तेव्हां वेल्श लेखनाची वळणें तींत उतरलीं, व तीं आजही तेथें आहेत.

'केल्टिक ख्रिस्ती धर्म' ह्या नांवाखालीं हल्लीं जीं पुस्तकें विकलीं जातात त्यांविषयीं थोडेंच लिहितों. पॅट्रिक गुलाम म्हणून सहा वर्षें ज्या आयर्लंडांत राबला, तेथेंच सुवार्ता घेऊन परत गेला; कोलुंबा ५६३ त आयोना बेटावर गेला; कोलुंबानुस युरोपांत मठ स्थापीत ६१५ त इटलींत वारला. हे थोर पुरुष होते. पण ते रोमेहून वेगळ्या अशा कोणा एका 'केल्टिक मंडळी'चे होते, व ती मंडळी निसर्गप्रेमी, सौम्य व नियमांच्या जाचापासून मुक्त होती, हें चित्र अलीकडचें आहे. ६६४ त व्हिट्बी येथील सभेंत वाद झाला तो मुख्यत्वें पुनरुत्थानाच्या सणाची तारीख व भिक्षूंच्या डोक्याचें मुंडन ह्यांवर. त्यांच्या मठांतील उपासतापास व प्रायश्चित्तें तर आमच्या वाचकांस धडकी भरवतील. डॉनल्ड मीक ह्या टायरी बेटावरील विद्वानानें, ज्याची मातृभाषाच गेलिक आहे, २००० त ह्या फॅशनची चांगली झाडाझडती घेतली आहे.

शेवटीं पुन्हा गलतियाकडे येऊं. इ. स. ३८६ च्या सुमारास जेरोमानें ह्या पत्रावर टीका लिहिली. तींत तो सांगतो कीं, गलतिया येथील लोक ग्रीक बोलतात, पण त्यांची स्वतःचीही एक भाषा आहे, व ती जर्मनीच्या सीमेवरील त्रेवेरी लोकांच्या भाषेसारखी आहे. जेरोम स्वतः त्या त्रेवेरींच्या नगरांत राहिलेला होता. म्हणजे निकोमेदेसानें बोलाविल्यापासून साडेसहाशें वर्षें ती बोली घरांत टिकली होती. पुढें ती लोपली. आज तिचे कांहीं शब्द व नांवें तेवढीं उरलीं आहेत.

आणि जर्मनींतील व्युर्ट्सबुर्ग येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आठव्या शतकांतील एक चर्मपत्राची पोथी आहे. तींत पौलाचीं पत्रें लॅटिनमध्यें लिहिलेलीं आहेत, आणि ओळींच्या मधोमध व समासांत कोणा आयरिश भिक्षूंनीं बारीक अक्षरांत आपल्या भाषेंत अर्थ लिहून ठेविला आहे. एकोणिसाव्या शतकांत त्सॉइस नांवाच्या पंडितानें मुख्यतः अशा टीपांवरूनच जुन्या आयरिश भाषेचें व्याकरण बांधिलें. तें १८५३ त छापलें. गलतीकरांस लिहिलेलें पत्रही त्या पोथींत आहे.